शनिवारची आंघोळ

माझे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरच्या एका दवाखान्यात वारले. मी तेव्हा हिंगणघाटात घरीच तापाने पडले होते. फोन माझ्या दिराने घेतला आणि दाराबाहेर उभं राहून मला सांगितलं. दफन तिकडेच झालं. आमच्या चर्चच्या पाळकांना जायची परवानगी मिळाली नाही. त्यांनी फोनवरून प्रार्थना केली, आणि खड्ड्याजवळच्या कोणा अनोळखी माणसाने तो फोन हातात धरून ठेवला. हे सगळं मला नंतर कळलं. मी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले.

त्यानंतर माझं असं झालं, की दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं होतं ना, तसं. गाल जागेवर असतो, बोटांना तो लागतो, पण गालाला बोटं लागत नाहीत. रडू आलं नाही. माणसं येऊन रडून गेली. नणंद गळ्यात पडून हुंदके देत होती तेव्हा मी तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. ती ट्यूबलाइटच्या मागे जाते की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढच्या वर्षी शेजारच्या मुलीचं लग्न झालं. आमच्या खिडकीखालीच बँड वाजला म्हणे. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, मांडवाचे बांबू सोडताना पाहून. वडनेरच्या शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे सकाळी उठून कुठे जायचंही नव्हतं.

रविवारी मात्र मी देवळात जायचे; आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पाय जायचे, म्हणून मी जायचे. आमची मंडळी लहान. दोन्ही बाजूंचे बाक मी कधी भरलेले पाहिले नाहीत. देऊळ जुनं, कौलारू, एका जिनिंगच्या मागच्या रस्त्याला आहे. हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की आत शिरायला वाट शोधावी लागते, आणि पेटीवर, वेदीच्या पांढऱ्या कापडावर बारीक रुई येऊन बसते. एवढ्याशा मंडळीला मोठं काही करता येण्यासारखं नाही. पण आमच्या पाळकांची बायको, जिला सगळे पाळकबाई म्हणतात, ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या डोळ्यांसमोर रोज एकच गोष्ट घडायची. खाटेला खिळलेली म्हातारी माणसं बरी होऊन घरी जात आणि थोड्याच दिवसांत पाठीला जखमा घेऊन परत येत. घरची माणसं वाईट नसत. कुशीवर कसं वळवायचं ते त्यांना माहीत नसे, नाही तर लाज वाटे, नाही तर घरात कोणी नसेच. म्हणून पाळकबाईंनी मंडळीतल्या बायकांना हे काम शिकवलं. दर शनिवारी दोघी-दोघी मिळून अशा घरी जाऊन आंघोळ घालून यायचं. घर कोणाचं, ते विचारायचं नाही. आणि कोणी सांगितल्याशिवाय कोणाच्याही घरात मोठ्याने प्रार्थना करायची नाही, हा पाळकांनी घातलेला नियम.

एका शुक्रवारी पाळकबाई माझ्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या, बसल्याही नाहीत.

"काकू, उद्या माझ्यासोबत चला. माझी जोडीदारीण बाळंतपणाला माहेरी गेली."

"मला त्यातलं काही येत नाही."

"काही करू नका. बादली धरा."

"मी कोणाशी बोलणार नाही."

"बोला म्हणून कोण म्हणतंय?"

मी गेले. सेवा करावी असं वाटलं म्हणून नाही. नाही म्हणायलाही थोडं बळ लागतं, आणि ते माझ्यात नव्हतं.

आमच्या वाट्याचं घर बाजारात होतं. खाली कापडाचं दुकान, कित्येक वर्षं बंद, शटरला गंज. बाजूने अरुंद जिना. वर एकटी म्हातारी राहायची. सगळा बाजार तिला शेठाणी म्हणायचा. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. एक मुलगा पुण्याला, एक हैदराबादला. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. स्वयंपाकाला एक बाई होती आणि तीच रात्री सोबतीला झोपायची. "खायला घालीन, कपडे धुईन, पण ते नाई करत मी," असं तिने पहिल्याच दिवशी मुलाला सांगून टाकलं होतं.

मी दारात बादली घेऊन उभी राहिले. शेठाणी गालांनी आत गेलेली, पण आवाजाने खणखणीत होती.

"हे कोन?"

"आमच्या मंडळीतल्या," पाळकबाई म्हणाल्या. "शाळेत शिकवत होत्या."

"मास्तरीन? मास्तरीन मले आंघोळ घालनार?"

"मी बादली धरणार," मी म्हणाले.

तिने मला नीट पाहून घेतलं. मग भिंतीकडे हात केला. तिथे तिच्या सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा असे दोन मोठे फोटो होते, दोघांनाही चंदनाचे हार.

"ते फिरव आधी. ससुरजी पाहून राह्यले."

मी स्टुलावर चढले आणि दोन्ही फोटो भिंतीकडे तोंड करून लटकवले. पाळकबाईंनी तिच्याखाली प्लास्टिक अंथरलं, पातळ सोडलं. तरी ती डोक्यावरचा पदर सोडेना. अंगावर काही नाही आणि डोक्यावर पदर, अशीच तिची आंघोळ व्हायची. केस धुवायचे असले की एका हाताने तो पदर कपाळावर ओढून धरायची आणि दुसऱ्या बाजूने आम्ही मगाने पाणी घालायचो.

हळूहळू बादली पाळकबाईंच्या हातात गेली आणि पंचा माझ्या हातात आला. कधी, ते मला आठवत नाही. एक हात खांद्यावर, एक कमरेखाली, तिला आपल्याकडे ओढून कुशीवर घ्यायचं. पाठ, बगला, बोटांच्या सांदी. पाठीच्या जखमेचं काम पाळकबाई करायच्या. मी पाय धुवायचे, टिपायचे, पावडर लावायचे. हे करताना मनात काय यायचं असं मला नंतर एकदोघांनी विचारलं. काही यायचं नाही. पाणी गार व्हायच्या आत उरकलं पाहिजे, एवढंच.

एका शनिवारी जिन्याच्या तोंडाशी समोरच्या दुकानातला माणूस उभा होता. सोबत आणखी एक जण होता, त्याला आम्ही ओळखत नव्हतो.

"बाई, एक विचारू का?" दुकानदार म्हणाला. "वर काय चालते तुमचं? म्हातारीच्या कानात काय सांगून राह्यले तुम्ही?"

"आंघोळ चालते," पाळकबाई म्हणाल्या. "या की वर. बादली उचलायला माणूस लागतोच."

"तसं नाई. लोक बोलून राह्यले. एकटी बाई, घरदार हाय तिचं. तुमच्यात ओढून नेलं तर पोरं उद्या आमाले विचारतील."

पाळकबाई काही बोलणार, तेवढ्यात वरून आवाज आला. शेठाणीचे कान शाबूत होते.

"कोन हाय रे थो? काऊन अडवून राह्यला त्याहिले? तुले घालाची हाय का मले आंघोळ? मंग ये वर, पंचा घेऊन ये!"

दोघंही बाजूला झाले. सोबतचा माणूस खाली मान घालून हसत होता. पण त्यानंतरही दुकानदार आम्ही जाताना-येताना गल्ल्यावरून उठून दारात यायचा आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभा राहायचा. त्याने कधी त्रास दिला नाही. उभा मात्र राहायचा.

पुढे दिवाळीच्या आसपास स्वयंपाकवाली गावाला गेली. त्या शनिवारी आंघोळ झाल्यावर शेठाणीने मला थांबवलं.

"मास्तरीन, तेवढा दिवा लावून दे देवाजवळ. माह्यानं काडी ओढनं होत नाई."

तिचे हात कापायचे. कोनाड्यात तिचे देव होते, पितळी, पुसून पुसून नाकडोळे गेलेले. मी वात सारखी केली, काडी ओढली, दिवा लावला.

"चालते ना तुले?" तिने विचारलं.

"लावला ना," मी म्हणाले.

मग दर शनिवारी तो दिवा मीच लावू लागले. ही गोष्ट कशी कोण जाणे, देवळात पोचली. उपासना संपल्यावर मंडळीतले एक जुने सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "आपण सेवेला जातो का पूजेला जातो, हे एकदा ठरवा. माझ्या आजोबांनी ह्या दिव्यांपायी घर सोडलं होतं."

ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या आजोबांना गावाने खरंच विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पाळक वयाने लहान, माझ्या विद्यार्थ्याएवढे. ते माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," मी म्हणाले.

ते अगदी खरं होतं. दिव्याबद्दल वाटत नव्हतं, त्या सभासदांबद्दल वाटत नव्हतं, वेदीवरच्या क्रूसाकडे बघूनही वाटत नव्हतं. पण पाळकांनी त्याचा अर्थ, मला त्यात वावगं वाटत नाही, असा घेतला. ते उठून म्हणाले, "म्हातारीचे हात कापतात. पेटलेली काडी गादीवर पडली म्हणजे? काकू दिवा लावतील."

"मग उद्या घंटाही वाजवा म्हणावं," असं म्हणून ते सभासद निघून गेले. त्यानंतर ते उपासनेला येत, पण माझ्या बाजूच्या बाकांवर बसत नसत. मला सलामही करत नसत.

थंडी पडली तेव्हा आम्ही आंघोळ दुपारी घालू लागलो, खिडकीतून खाटेवर ऊन आलं की. अशाच एका दुपारी पाळकबाई पाणी आणायला आत गेल्या होत्या. मी शेठाणीची नखं कापत होते.

"तुहा मालक कशानं गेला वो?"

मी सांगितलं. नागपूर, दवाखाना, फोन.

"मंग आंघोळ कोनं घातली त्याहिले?"

"कोणी नाही. पिशवीत बांधून दिलं होतं. उघडायचं नव्हतं."

"तसेच गेले?"

"तसेच."

मला वाटलं, आता ही काही तरी म्हणेल. देवाची मर्जी, सुटले बिचारे, असं काही. लोक म्हणायचे. उरलेली बोटं तिने एकेक करून पुढे केली.

पुढच्या शनिवारी आंघोळ उरकली, फोटो मी पुन्हा सरळ केले, दिवा लावला, आणि निघताना तिने खाटेच्या काठावर हात आपटला.

"इथं बस. पाठ कर माह्याकडे."

"काय झालं?"

"बस म्हनलं ना."

मी बसले. तिने माझा अंबाडा सोडला. उशाखालून लाकडी फणी काढली आणि माझे केस विंचरायला लागली. हात कापत होते, त्यामुळे फणी कधी हवेतच फिरायची, कधी एकदम टाळूला टोचायची. मधेच गुंता आला. तो तिने सोडवला नाही, सरळ ओढला. मला दुखलं. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने, दुसऱ्या कशाने नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पाळकबाई दारात उभं राहून बघत होत्या आणि त्यांना वेगळं वाटलं. नंतर रस्त्यात त्या माझा हात धरून चालत राहिल्या. मी धरू दिला.

"केसाले तेल नाई, काई नाई," शेठाणी पाठीमागून म्हणत होती. "नवरा गेला म्हून केस बी गेले का तुहे? तेल लावत जाजो."

मग तिने वेणी घालायचा प्रयत्न केला. जमली नाही. अर्धवट पेड तसेच सोडून ती म्हणाली, "जाय आता. मी थकली."

संक्रांतीनंतर तिचं खाणं तुटलं. आधी पोळी बंद झाली, मग भात, मग नुसतं दूध. धाकटा मुलगा हैदराबादहून येऊन चार दिवस राहून गेला. तो आईच्या खाटेशी बसून मोबाइलवर काम करायचा आणि मधून मधून तिच्या पायावर हात ठेवायचा. आम्हाला पाहिलं की उठून बाहेर जायचा. शेवटच्या शनिवारी आम्ही फक्त अंग पुसलं. तिने फोटो फिरवायला सांगितलं नाही, म्हणून मीच विचारलं. तिने डोळे न उघडता नको म्हणून मान हलवली.

ती एका बुधवारी सकाळी गेली. स्वयंपाकवालीने पाळकबाईंना फोन केला आणि पाळकबाईंनी मला. आम्ही पोचलो तेव्हा जिन्यावर चपलांची रास होती. मुलं, सुना, वर्ध्याचे नातेवाईक सगळे यायचे होते. दुपारपर्यंत ते आले. आम्ही खाली दुकानाच्या ओट्यावर बसून होतो. आता आमचं काही काम नव्हतं, फक्त लगेच उठून जाणं बरं दिसेना. समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढून घेतलं आणि दोन खुर्च्या आणून आमच्याजवळ ठेवल्या. आम्ही त्यावर बसलो नाही, ओट्यावरच राहिलो.

बऱ्याच वेळाने थोरली सून खाली आली. पन्नाशीची बाई, प्रवासाने दमलेली, हाताला साबणाचा फेस.

"तुम्हीच ना शनिवारी यायच्या?"

"हो."

"वर येता का जरा?"

वर बायका खाटेभोवती उभ्या होत्या. पाणी तापवून आणलं होतं. पण शेठाणीला वळवायला कोणी धजत नव्हतं. धाकट्या सुनेने पाठीची जखम पाहिली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली होती. शेठाणीची धाकटी जाऊ, वर्ध्याहून आलेली, डोक्याशी उभी होती. तिने आम्हाला पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "ह्याहिले काऊन आनलं? हे ख्रिस्ती हायेत. घरच्या बायका काय मेल्या का?"

सून म्हणाली, "काकीजी, मला नाही जमत. तिला जमत नाही. मग तुम्ही करा."

काकीजीने बादलीकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. मग तिने तांब्या उचलला.

"मी पानी घालतो," ती म्हणाली. "हे फिरवतील."

तशी आंघोळ झाली. काकीजी पाणी घालायची, पाळकबाई खांदा धरायच्या, मी धुवायचे. मी सुरुवात केली तेव्हा आधी पातळाचा पदर शेठाणीच्या डोक्यावर ओढून घेतला आणि कपाळाशी खोचला. काकीजीने ते पाहिलं. हात थांबला तिचा.

"पदर असाच ठेवायच्या त्या," मी सांगितलं.

"मी लग्न होऊन आली तेव्हापासून तशीच हाय ते," काकीजी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. एवढ्या बायकांत पहिल्यांदा रडली ती तीच. रडता रडता पाणी घालत राहिली. मधेच विचारलं, "कानामागं धुतलं का?"

"धुतलं."

"बेंबीत?"

"हो."

मी पाय पुसले, बोटांच्या सांदी कोरड्या केल्या. सवयीने पावडरीकडे हात गेला, तो मागे घेतला. सुनेने नवं पातळ दिलं, ते नेसवलं. मग आम्ही बाजूला झालो. पुढचं त्यांचं होतं.

बाहेर आलो तेव्हा रस्त्यात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. पाळकबाई म्हणाल्या, "काकू, रडायचं असेल तर रडा." मी थांबून पाहिलं, येतं का. खरंच थांबले, एका गाडीच्या चाकाला हात टेकून. काही आलं नाही. हातांना साबणाचा वास येत होता. घरी जाऊन मी भात टाकला, तो खाल्ला आणि झोपले.

रविवारी पाळकांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. आमच्यात अशी पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं. मी उभी राहिले. सगळे बघत होते. ते रेल्वेतले सभासदही, पलीकडच्या बाकावरून.

"शेठाणीबाईंना आंघोळ घातली," मी म्हणाले. खाली बसले. कोणी तरी "आमेन" म्हणालं. पेटीवाल्याने गीत सुरू केलं.

तेरवी झाल्यावर थोरल्या सुनेचा पाळकबाईंना फोन आला. सासूबाईंची, जखमा वाढू नयेत म्हणून घेतलेली हवेची गादी आहे, पंपासकट, ती कोणाच्या कामी येईल का? पाळकबाईंच्या डोक्यात माणूस तयारच होता. वणा नदीकडच्या वस्तीत एक म्हातारा होता, मिलमधला जुना कामगार, अर्धांगवायूने पडलेला. सून चांगली होती, पण दिवसभर कामाला जायची. त्याच्याकडे आमच्यापैकी दोघी बायका जायच्या आणि त्याच्या शिव्या ऐकून रडत यायच्या. पाळकबाईंनी ते घर आपल्याकडे घेतलं.

आम्ही गादी गुंडाळून स्कूटीवर घातली. मी मागे बसून ती छातीशी धरली. म्हाताऱ्याने आम्हाला दारातच पाहिलं आणि तोंड सोडलं. आम्ही म्हणे उशिरा आलो होतो, मागच्या वेळी पाणी गरम होतं, त्याआधी थंड होतं, आम्हाला काही येत नव्हतं. अर्धं तोंड वाकडं झाल्यामुळे शिव्या नीट कळत नव्हत्या, पण कमी काही नव्हत्या. त्याला कुशीवर घेऊन आम्ही खाली गादी सरकवली. पंप लावला. तो घुर्र घुर्र करायला लागला आणि म्हातारा हळूहळू वर आला. बोलणं थांबलं. त्याने चांगल्या हाताने गादी दाबून पाहिली.

"कोनाची हाय हे?"

"एका बाईची होती," मी म्हणाले.

"मेली का?"

"हो."

त्याने गादी पुन्हा एकदा दाबली.

"बरी हाय," तो म्हणाला. "पानी आन आता. थंडं नको आनजो."

मी बादलीत कोपर बुडवून पाहिलं. गरम होतं. थोडं गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं, आणि बादली उचलून त्याच्या खाटेजवळ नेली.